डोक्यातला बदली कामगार

९ जानेवारी, शुक्रवार

'मशीनवर पाठ मोडेपर्यंत बसणाऱ्या माझ्या बायांनो! शिवण टिकली तर नाव कंपनीचं, आणि उसवली तर दोष तुमच्या हाताचा. दोरा कुणी आणला, तो गोदामात किती दिवस कुजला, हे कुणी विचारत नाही...'

एवढं सुचलं. लिहिलं, आणि उभी राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. आमचे हे तिथेच खुर्चीत वाटाणे सोलत बसले होते. म्हणाले, "काही म्हणालीस का?"

मी दार लावून घेतलं आणि रडले.

माईकशिवाय कारखान्याच्या फाटकावर सभा घेतलेली युनियनची बाई मी. तीन पाळ्यांच्या बायका माझा आवाज ऐकून रस्त्यात थांबायच्या. आता घशातून निघतो तो शब्द की वाफ, कळत नाही. उजवा हात थरथरतो. अक्षर मुंगीएवढं झालंय. ही ओळ मलाच उद्या लागेल की नाही, देव जाणे. आणि वीस मार्चला सुनावणी आहे.

सुनावणी चिमणीची. आमच्या शिलाई खात्यातली सगळ्यात बारकी आणि सगळ्यात हातचपळ पोर. कामगारांनी घालायच्या कोटांचा एक गठ्ठा गिऱ्हाइकाने परत पाठवला, खांदे उसवतात म्हणून. मॅनेजरने चिमणीला काढलं: टाका ढिला घालते. खरं असं की दोरा कुजका होता. बोटाने ओढला की तुटतो. परत आलेले कोट कंपनीने घाईघाईने जाळून टाकले. आमच्या कटिंग मास्तरने त्यातला एक आधीच पिशवीत घालून बाहेर काढला. चिमणीचा नंबर शिवलेला, कुजक्या दोऱ्याचा तो एकच कोट आता पुरावा आहे. माझ्या कपाटात आहे. युनियनच्या कचेरीपेक्षा माझं कपाट भरवशाचं, असं सगळ्यांचं मत पडलं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. हे दारापर्यंत आले. मी म्हटलं, "बाहेर बसा. माझ्या दुखण्याची वकिली मी करीन."

"बरं. तू आत, मी फूटबोर्डावर," हे म्हणाले. जन्मभर बसचे कंडक्टर होते, अजून उतरलेले नाहीत.

कंपवात आहे. मी चेहरा सभेतल्यासारखा ठेवला आणि म्हटलं, "मला समजेल असं सांगा. गोळी गिळायची तर ती आत जाऊन काय करते ते कळल्याशिवाय गिळणार नाही."

बाई तरुण आहेत, पण चिडल्या नाहीत. म्हणाल्या, मेंदूत खोलवर काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. ते निरोप नेतं. हात उचलायचा, पाऊल टाकायचं, त्याला आतून जी मोकळीक लागते ती या निरोपाने मिळते. माझ्या त्या पेशी मरत चालल्यात. निरोप घेणाऱ्या पेशी मात्र शाबूत आहेत. त्यांच्या अंगावर कुलपं असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ही गोळी म्हणजे डोपामिन नव्हे, पण तिची घडण इतकी मिळतीजुळती की ती थेट त्या कुलपात बसते आणि कुलूप उघडतं.

"म्हणजे बदली कामगार," मी म्हटलं. "कायमचा माणूस आला नाही, तर त्याच्या खुर्चीवर बसवलेला."

त्या हसल्या. "अगदी तसंच, मावशी. दुसरं एक औषध आहे, ते कच्चा माल पुरवतं. त्याचं डोपामिन मेंदूतच बनतं. तेही पुढे लागेल. सध्या या बदलीवाल्याने बघू. आवाजाची मात्र खात्री देत नाही."

मग मळमळ, चक्कर, अवेळी झोप यांची यादी. शेवटी म्हणाल्या, "आणखी एक. एखादी गोष्ट करावीशीच वाटते, थांबवता येत नाही, असं काही सुरू झालं तर लगेच सांगा. जुगार, खरेदी, खाणं, काहीही. आणि गोळी आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही."

जुगार! मी! दारूच्या गुत्त्यासमोर धरणं धरलेली बाई आहे मी. मान डोलावली आणि बाहेर आले.

"काय म्हणाल्या?" यांनी विचारलं.

"गोळ्या आहेत. मळमळेल म्हणाल्या."

२९ जानेवारी, गुरुवार

मळमळलं. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधार. गोळी दर आठवड्याला थोडी वाढते आहे, हात मात्र थरथरतोच. सुनावणीला मी नाही बोलले तर कोण बोलणार? कटिंग मास्तर बोलायला लागला की पहिल्या वाक्यात शिवी येते. चिमणीला तर 'हजर' म्हणतानासुद्धा घाम फुटतो. नाव चिमणी, पण चिवचिव नाही.

रोज कपाट उघडून कोट बघते. आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज मी माझी हुकं माझी मी लावली.

परत लिहिते. माझी हुकं माझी मी लावली! हे दारात उभे राहून बघत होते, त्यांनी नुसतं नाक ओढलं. मग खिडकीत जाऊन मी खालच्या भाजीवाल्याला हाक मारली आणि त्याने वर बघितलं. वर बघितलं! त्याला काय घ्यायचं ते सांगायचंच विसरले.

अक्षर बघा किती मोठं आलंय.

दुपारी मशीनवरचं झाकण काढलं. वर्षभर हात लावला नव्हता. एक उशीचा अभ्रा घेतला, कडेची टीप वाकडी होती म्हणून उसवली आणि सरळ मारली. पायाला पायडल सापडलं, हाताला कापड सापडलं. बदली कामगारा, तुझं भलं होवो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

अभ्रे झाले. पडदे झाले. शिवण उसवायची, दोरे बाजूला काढायचे, पुन्हा शिवायची. उसवताना बारीक कात्रीचं टोक टाक्याखाली जातं आणि टाका 'टक' करून सुटतो, त्या आवाजाने डोकं कसं स्वच्छ होतं म्हणून सांगू! उरलेले दोरे टाकवत नाहीत. रंगवार बरण्यांत भरले, मग त्यातही लांबीवार केले. कपडा कुणाचा, कशाचा, बघतही नाही. शिवण तेवढी दिसते.

यांना तर आनंदाचं भरतं आलंय. शेजारणींना सांगून आले, "आमच्या हिचे हात परत आलेत, काही शिवायचं असेल तर आणा." घरात कपड्यांचे ढीग. सकाळी माझ्यापुढे चहा ठेवतात आणि म्हणतात, "पुढचा स्टॉप, परकर."

भाषण अर्धं राहिलंय. आज पूर्ण करायचं होतं.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भाषण राहिलं. एक चादर होती.

२ मार्च, सोमवार

तपासणी. डॉक्टरीणबाई खूश. चालवून बघितलं, बोटं आपटायला लावली. विचारलं, "काही नवीन सवय? थांबवता येत नाही असं काही?"

मी 'नाही' म्हटलं.

खोटं बोलले का? शिवण ही काय सवय आहे, तो माझा धंदा. चाळीस वर्षं केलेलं काम कुणी दुखण्यात मोजतं का? पण एक खरं लिहिते, ही वही कोण वाचणार आहे. विचारल्याबरोबर मी घाबरले. वाटलं, हिला सांगितलं तर ही गोळी काढून घेईल, आणि वीस तारखेला मी पुन्हा वाफ सोडत उभी राहीन. चिमणीच्या पोटासाठी बोलायचंय. आवाज आधी, बाकी नंतर.

हे बाहेर बसले होते. आत येऊ का विचारलं होतं त्यांनी. मीच नको म्हटलं.

९ मार्च, सोमवार

फाटकावर सभा होती. मी पोचले तेव्हा बायका पांगायला लागल्या होत्या. कटिंग मास्तर लाल झाला होता.

"बाई, तुम्ही नेहमी अर्धा तास आधी येता. आज काय मुहूर्त काढायला गेला होता का?"

"एक काम होतं."

"कसलं?"

टॉवेलची किनार, असं मला सांगता येईना. निघतच होते, चपला घातल्या होत्या, आणि दोरीवरच्या टॉवेलची किनार सुटलेली दिसली. नुसती ती एक बाजू घेणार होते.

तरी बोलले. काय बोलले! चिमणी पुढे उभी होती, तिचे डोळे असे लागले होते माझ्या तोंडाकडे. मास्तरचा राग पळाला. म्हणाला, "आवाज आलाय बुवा. आता मॅनेजरच्या कानाला बोळे लागणार."

परतताना हात शिवशिवत होते. बसमध्ये शेजारच्या बाईच्या बाहीची टीप निघाली होती. मी ती बोटाने धरली. ती बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

हे यांना सांगितलेलं नाही.

१७ मार्च, मंगळवार

सकाळपासून मशीनवर. शेजारणींचं सगळं संपलं, म्हणून आपलं कपाट काढलं. आतलं होतं नव्हतं ते सगळं नीट करून, घड्या घालून ठेवलं. हे जेवायला हाका मारून कंटाळले. मधेच मशीनवर डोकं टेकून झोप लागली, उठून पुन्हा शिवलं. बरं वाटतंय. खूप बरं वाटतंय.

उद्या चिमणी कोट बघायला येणार आहे.

१८ मार्च, बुधवार

आधी लिहून टाकते, मग काय व्हायचं ते होवो.

चिमणी आली. मी कपाटातून कोट काढून दिला. तिने तो मांडीवर घेतला, खांद्याची शिवण उलटी केली, जवळ नेऊन बघितली. मग बोटाने दोरा ओढला.

तुटला नाही.

तिने पुन्हा ओढला. दुसरा खांदा बघितला. बाह्या बघितल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, हा माझा टाका नाही."

मी म्हटलं, "असं कसं? नंबर तुझाच आहे."

"नंबर माझाय. टाका तुमचा आहे. तुमच्याकडेच शिकले ना मी, ओळखते की."

तेव्हा आठवलं. आठवलं म्हणजे काय, माहीत होतंच. काल निळं जाड कापड हातात आल्याचं आठवत होतं, दोरे किती सहज सुटतायत याची मजा वाटल्याचं आठवत होतं. तो कोट आहे, हे काल डोक्यात आलंच नाही. शिवण तेवढी दिसली. आणि माझ्याकडचा चांगला, दुहेरी पिळाचा दोरा घालून मी कंपनीचं पाप पक्कं शिवून टाकलं.

हे चहा घेऊन आले. आमचे चेहरे बघून ट्रे तसाच धरून उभे राहिले. "काय झालं?"

"अहो," मी म्हटलं, "मला थांबवता येत नाहीये."

"काय?"

"शिवणं."

"अगं पण ते चांगलंय ना? हात चालतात..."

मग मी सांगितलं. पहिल्या दिवशी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या, ते सगळं. हे खाली बसले. म्हणाले, "मग मी आणत होतो ते कपडे..." मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

चिमणी उठून मशीनजवळ गेली होती. बरण्या बघत होती. निळ्या दोऱ्यांची बरणी तिने उचलली, झाकण काढलं, एक तुकडा बाहेर काढून ओढला. तुटला. दुसरा ओढला. तुटला.

"अक्का, हे टाकले नाहीत तुम्ही."

१९ मार्च, गुरुवार

सकाळी कटिंग मास्तर. सगळं ऐकून कपाळावर हात मारला, मग आवाज खाली आणला. "त्यात काय एवढं. हेच तुकडे जोडून खांदा परत शिवा. निदान टोकाला. ओढला की तुटेल. कुणाला कळणार आहे?"

मला मोह झाला. हात लगेच पुढे झाला, आणि का ते मला दिसलं. उसवायला मिळणार म्हणून तो पुढे झाला होता! मी हात मांडीखाली दाबून बसले.

"नाही," मी म्हटलं. "कुजका दोरा लपवून शिवणारे ते. आपण नाही."

"तुम्ही खरं सांगितलंत तर मॅनेजर तुम्हाला वेडी ठरवेल."

"ठरवू दे."

दुपारी दवाखान्यात. दारात हे थांबले, सवयीने. मी त्यांची बाही धरून आत ओढलं. डॉक्टरीणबाईंनी यांना विचारलं, "काका, तुम्ही काय बघितलंत?" आणि हे बोलत सुटले. मी जेवत नाही. मी टॉवेल उशाशी घेऊन झोपते. माझ्याशी बोललं की मी त्यांच्या सदऱ्याच्या कॉलरकडे बघते. मला यातलं अर्धंही माहीत नव्हतं.

बाई म्हणाल्या, "मावशी, तुमचा बदली कामगार आठवतो? कायमचा माणूस निरोप देतो आणि उठतो. हा दिवसभर बसून राहतो. शिवाय तो एकाच खात्यात बसत नाही. हालचालीच्या खात्यात कुलपं आहेत, तशीच कुलपं मेंदूच्या दुसऱ्या खात्यात आहेत. हवंहवंसं वाटणं, करावंसं वाटणं तिथून चालतं. तिथेही हा जाऊन बसला. बऱ्याच जणांना मग तेच काम लागतं, जे त्यांनी जन्मभर केलंय. म्हणून ते दुखणं वाटतच नाही."

"म्हणजे माझा स्वभाव बिघडला नाही?"

"नाही. पण मी विचारलं तेव्हा सांगायला हवं होतंत."

गोळी हळूहळू उतरवायची, एकदम नाही. दुसरं, कच्चा माल पुरवणारं औषध सुरू करायचं. आवाज जाईल का, विचारलं. "थोडा जाईल कदाचित," म्हणाल्या. "उद्या मात्र असेल."

२० मार्च, शुक्रवार

कामगार अधिकाऱ्यांची खोली लहान आहे. पंखा कुरकुरत होता. मॅनेजर टाय लावून आला होता. मी उभी राहिले. एका हातात कोट, दुसऱ्यात बरणी. भाषण पाठ होतं, ते गिळलं.

"साहेब, हा कोट पुरावा म्हणून आणायचा होता. तो आता पुरावा राहिलेला नाही. मी तो उसवून पुन्हा शिवला." आणि मग गोळीचं सगळं सांगितलं. आवाज खणखणीत होता. एवढ्या मोठ्या आवाजात एवढं लाजिरवाणं मी कधी बोलले नव्हते.

मॅनेजर हसला. "म्हणजे बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, हे त्या स्वतःच कबूल करतायत. लिहून घ्या, साहेब."

"घ्या लिहून," मी म्हटलं. "माझ्या डोक्यावर गोळीचा परिणाम झाला. तुमच्या दोऱ्यावर गोदामाचा झाला. माझं मी सांगितलं. आता तुमचं तुम्ही सांगा."

मागे कटिंग मास्तर काहीतरी म्हणाला. शिवी नसावी अशी आशा आहे.

अधिकारी म्हणाले, "बाई, हे सुटे तुकडे मी पुरावा म्हणून घेऊ शकत नाही. कुठूनही आलेले असू शकतात." बोलता बोलता त्यांनी बरणीतला एक तुकडा उचलला, बोटाला गुंडाळला आणि ओढला. तो तुटला. त्यांनी बोटाकडे बघितलं. दुसरा उचलला.

"मॅनेजरसाहेब," ते म्हणाले, "हे पुरावा नाहीत. पण त्या महिन्यात वापरलेल्या दोऱ्याची रिळं गोदामात असतीलच. माझा माणूस आजच येईल आणि मोहोरबंद करून घेऊन जाईल."

मॅनेजरने टाय सैल केला.

बाहेर चिमणी पायरीवर बसली होती. म्हणाली, "अक्का, तुम्ही कोट उसवलात ते मी विसरणार नाही." मी मान खाली घातली. मग म्हणाली, "आणि आत सांगितलंत तेही."

२ एप्रिल, गुरुवार

गोळी उतरते आहे आणि मी तिच्याबरोबर उतरते आहे. घाम फुटतो, छाती धडधडते, कारण नसताना वाटतं की आत्ता काहीतरी वाईट होणार. डॉक्टरीणबाईंनी याची कल्पना दिली होती. कुलपांना सवय झालेली असते, बदलीवाला उठला की ती कावरीबावरी होतात. जास्त झालं तर फोन करा म्हणाल्या, केला. उतरवण्याचा वेग आणखी कमी केलाय.

यांनी मशीनला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या चामडी पिशवीत ठेवली, जुन्या तिकिटांच्या. शेजारणींचे कपडे परत करून आले. मी काल किल्ली मागितली. "तिकीट दाखवा," म्हणाले. मी ओरडले, वाटेल ते बोलले. ते बसून राहिले. मग आम्ही दोघं मिळून वाटाणे सोलले. माझ्या हातून बरेच खाली सांडले.

२१ एप्रिल, मंगळवार

रिळं आली, दोरा ओढला, तुटला. चिमणीला परत घेतलं, पण शिलाईवर नाही, काजबटणावर. मधल्या दिवसांचा पगार द्यायला कंपनी तयार नाही. म्हणजे लढाई चालू आहे. पुढच्या तारखेला मी बोलेन तेवढं बोलेन, उरलेलं मास्तर बोलेल. चिमणी रोज त्याच्या शिव्या खोडून भाषण पाठ करून घेते आहे.

अक्षर परत बारीक झालंय, पण वाचता येतं. आवाजाचा व्यायाम करते. हे दुसऱ्या खोलीत उभे राहून 'ऐकू आलं' किंवा, आवाज तिथवर पोचला नाही तर, 'तिकीट वाढवा' म्हणतात. शिवण दिसली की बोट अजून वळतं. भीती गेलेली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शनिवारी दवाखान्यात कंपवाताचे सगळे रुग्ण जमणार आहेत, बोलाल का? माईक आहे, म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी माईकला हो म्हटलं. हे म्हणायचंय:

'हात थरथरणाऱ्या माझ्या माणसांनो! आपला चमचा सांडतो ते जगाला दिसतं. आपल्या आत काय चाललंय, ते कुणी विचारत नाही. आणि विचारलंच तर आपण खोटं सांगतो, कारण हात परत मिळालेला असतो आणि तो पुन्हा जाईल याची भीती असते. गोळी वाईट नाही. तिने मला हुकं लावून दिली. ती मनाने सोडू नका, तीही चूकच. पण तुमच्या डोक्यात बसलेला बदली कामगार कुठकुठल्या खुर्चीवर बसलाय, ते तुम्हाला आतून दिसणार नाही. मला दिसलं नाही, आणि बोलणं हाच माझा धंदा आहे. ते दिसतं तुमच्यासमोर जेवायला बसणाऱ्या माणसाला. त्याला आपण दाराबाहेर बसवतो. पुढच्या तपासणीला त्याला हाताला धरून आत न्या, खुर्ची द्या, आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधी त्याला बोलू द्या.'

मोठ्याने म्हणून पाहिलं. हे दारात उभे होते.

"ऐकू आलं," म्हणाले.